हिरवा पट्टा डाव्या पायात

"लेकराचा काटा रोज बघत बसू नका, ताई," आरोग्य केंद्राच्या मुजावर सिस्टर म्हणाल्या होत्या. "आठवड्यातनं एकदा बघा, बास. रोज बघायला लागलात तर घरातलं दुसरं काही दिसायचं नाही तुम्हाला."

ऋजुताने तेव्हा हसून मान हलवली होती. मनात म्हणाली होती, सिस्टर, तुम्ही माणसं बघता, मी मीटर बघते. साखर कारखान्यातले दाबाचे आणि तापमानाचे एकशे चाळीस मीटर रोज सकाळी डोळ्यांखालून घालणारी इंजिनिअर ती. पोटच्या पोरीचा एक काटा बघून तिला काय होणार होतं?

झालं असं, की ती दिवसातून चारदा बघायला लागली.

साल दोन हजार त्रेचाळीस. हृदयाचा आलेख काढायला दवाखान्यात जाऊन पलंगावर आडवं व्हायचे दिवस मागे पडले होते. कराडजवळच्या त्यांच्या वसाहतीत साठी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक तान्ह्या बाळाला एक पेटी मिळे. पेटीत चार पट्टे असत. लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या पायाला. पट्टे बांधून दोन मिनिटं स्वस्थ बसलं की स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या पाटीवर एक गोल तबकडी उमटे आणि तिच्यात एक काटा थरथरून स्थिर होई. सरकारी कागदावर तिचं नाव 'हृदयदिशा संच' होतं. लोक म्हणत, काट्याची पेटी.

हा काटा म्हणजे नेमकं काय, हे ऋजुताने नवऱ्याला, सारंगला, एकदा पोळ्या लाटता लाटता समजावलं होतं.

"बैलगाड्यांची शर्यत बघितलीयस ना? गाड्या, बैल, माणसं, सगळे धावत असतात. लांब टेकडीवरून बघणाऱ्याला त्यातलं काहीच नीट दिसत नाही. पण धुरळा कुठल्या बाजूला चाललाय ते दिसतं की नाही? तसंच. दर ठोक्याला हृदयात वीज पसरते. थोडी वर जाते, थोडी खाली, थोडी डावीकडे. सगळ्याची गोळाबेरीज केली की एकच दिशा उरते. तो धुरळा म्हणजे काटा."

"आणि टेकडीवर कोण उभं असतं?"

"पट्टे. तीन बघे समज. डाव्या हाताचा बघ्या म्हणतो, माझ्याकडे येतंय. पायाचा बघ्या म्हणतो, माझ्याकडे जरा जास्तच येतंय. त्यांच्या साक्षी जुळवल्या की दिशा कळते. काळा पट्टा साक्षीदार नाही, तो नुसता गोंगाट बाजूला काढतो."

थेट डाव्या हाताकडे म्हणजे शून्य अंश, थेट पायांकडे म्हणजे नव्वद. निरोगी मोठ्या माणसाचा काटा बहुधा या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. उजवीकडे कलला की नव्वदच्या पुढे जातो, डाव्या खांद्याकडे चढला की उणे होतो. जुन्या काळचे डॉक्टर हा आकडा एकदा बघत, 'ठीक' म्हणत आणि कागद बाजूला ठेवत. पुढे कोणाला तरी सुचलं, की एकाच माणसाचा काटा रोज बघावा. तेव्हा कळलं, की हृदयाचा एखादा भाग जाड व्हायला लागला किंवा विजेची एखादी वाट बुजायला लागली, तर त्रास जाणवायच्या किती तरी आधी काटा अंशाअंशाने सरकत असतो. म्हणून या पेटीने माणसाची तुलना दुसऱ्या कोणाशी करायची नसते. त्याची त्याच्याशीच करायची असते.

आणि लेकीचा, अबोलीचा, काटा तर सरकायलाच हवा होता. पोटात असताना बाळाच्या हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त काम असतं, त्यामुळे नवजात बाळाचा काटा उजवीकडे झुकलेला असतो. मग बाळ श्वास घ्यायला लागतं, डावी बाजू जोर धरते आणि काटा हळूहळू डावीकडे येतो. जन्माच्या दुसऱ्या दिवशी अबोलीचा काटा एकशे अठ्ठावीसवर होता. ऋजुताने वहीत तक्ताच आखला. एकशे एकवीस. एकशे दहा. शहाण्णव. आकडा उतरला की तिच्या जेवणाला चव येई. एका मंगळवारी तो सात अंशांनी वर गेला, तर तिने आरोग्य केंद्रात फोन लावला.

"उचकी लागली होती का हो बाळाला?" मुजावर सिस्टरांनी विचारलं.

"...हो."

"मग ताई, उचकीत तुमचाबी काटा नाचंल. ठेवू?"

वैजयंताकाकूंचा आकडाही त्याच पाटीवर, अबोलीच्या आकड्याच्या खाली, येत असे. काकू खालच्या मजल्यावर राहत. जातीच्या कासार. चाळीस वर्षं बांगड्यांचं दुकान चालवलं, नवरा गेल्यावर बंद केलं. तरी हळदीकुंकवाला, लग्नाच्या चुड्याला बायका अजून त्यांनाच बोलवत. दुसऱ्या कोणी बांगड्या भरल्या तर हात दुखतो म्हणत. मुलगा तमिळनाडूत होसूरला. त्यामुळे डिसेंबरात काकूंना पेटी मिळाली, तेव्हा 'सोबती' म्हणून ऋजुताचं नाव लागलं. सोबत्याने काय करायचं? काकूंचा आकडा बघायचा, आणि महिन्यातून एकदा पाटीवर येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. 'रंगांनुसार बांधणी स्वतः पाहून तपासली का?' खाली 'हो' आणि 'नाही'.

ऋजुता 'हो' दाबायची. जानेवारीत अबोलीचा जन्म झाला, त्या आठवड्यातही तिने दवाखान्याच्या पलंगावरून, फोनवरच, 'हो' दाबलं होतं.

जुलैत तिची रजा संपली आणि अबोली दिवसभर काकूंकडे राहू लागली. पोरगी काकूंच्या अंगाखांद्यावर अशी रुळली, की संध्याकाळी आईकडे यायला नाखूष असे. ऋजुताला ते सुखाचंही वाटे आणि किंचित टोचेही.

काकू मात्र वाळत चालल्या होत्या. साखर वाढली म्हणून त्यांनी भात सोडला होता. सहा किलो वजन उतरलं. आणि काटा? डिसेंबरात पाचवर असलेला काटा मार्चनंतर वर यायला लागला. वीस, पस्तीस, पन्नास. पेटीने त्याचं कारणही दिलं: 'वजन कमी झाल्यामुळे हृदय अधिक उभे. बदल अपेक्षित. उत्तम!' कारण खोटं नव्हतं. पोट सुटलेल्या माणसाचं हृदय आडवं रेलतं, बारीक झाल्यावर उभं लोंबतं, आणि काटा पायांकडे वळतो.

"काकू, तुमचा काटा अगदी मधोमध आलाय," ऋजुताने एकदा कौतुकाने सांगितलं.

"आता या वयात मधोमध येऊन काय करू, बाय? लग्नाला उभी राहू?"

सप्टेंबरात, गौरी-गणपती झाल्यावर, कारखान्यात हंगामाआधीची दुरुस्ती चालू होती. त्या दिवशी ऋजुताला दुपारी जायचं होतं. सकाळी आठला ती अबोलीला कडेवर घेऊन खाली आली. काकू पाटावर बसून पट्टे बांधत होत्या. एरवी ऋजुता अबोलीला दारातच सोडून कारखान्यात पळे; पट्टे बांधायच्या वेळी त्यांच्या घरात ती नऊ महिन्यांत पहिल्यांदाच येत होती.

लाल पट्टा उजव्या हाताला. बरोबर. काळा उजव्या पायाला. बरोबर. हिरवा डाव्या हाताला, आणि पिवळा डाव्या पायाला.

"काकू, हे उलटं झालंय. हिरवा पायाला बांधायचा."

काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं बारावी नापास पोराकडे बघावं. "हिरवं पायाला? शुद्धीत आहेस का? आख्खा जन्म मी बायकांच्या हातात हिरवा चुडा भरला, आणि आता हिरवं पायात घालू?"

"अहो, पण पेटीवर लिहिलंय."

"लिहिलेलं वाचलं मी. काळं पायाला, बरोबर आहे. दृष्टीचा काळा दोरा पायातच बांधतात. लाल उजव्या हाताला, कुंकू त्याच हातानं लावतो. पिवळं पायाला चालतं, हळद लावतोच की पायाला. एक हिरव्याचंच तेवढं त्यांचं चुकलं होतं. ते मी पहिल्या दिवशीच दुरुस्त केलं."

ऋजुताला आधी हसूच आलं. सारंगला सांगायला केवढा किस्सा, असं वाटलं. मग ते हसू अर्ध्यातच थांबलं, कारण कारखान्यात हेच तिचं काम होतं. मीटर बरोबर असतो, तार चुकीच्या खुंटीला जोडलेली असते, आणि मग मीटर अगदी प्रामाणिकपणे खोटं बोलतो.

"दोन हात बदलले असते तर पेटीने लगेच आरडाओरडा केला असता," ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. "सगळं चित्र उलटं दिसतं. पण डावा हात आणि डावा पाय बदलला, तर चित्र दिसायला नीटच दिसतं. फक्त काटा भलतीकडे जातो."

"म्हणजे?"

तिने अबोलीला सतरंजीवर ठेवलं आणि काकूंच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यावर पेन्सिलने एक वर्तुळ काढलं. उजव्या हाताकडून बघितलं तर डाव्या हाताच्या बघ्याची रेघ शून्यावर, डाव्या पायाच्या बघ्याची साठावर; त्यांनी जागा बदलल्या, म्हणजे दोघांच्या बरोबर मधे, तीस अंशांवर, आरसा उभा राहिला. आरशाच्या अलीकडचं पलीकडे दिसणार. म्हणजे खरा काटा काढायचा तर साठातून दिसणारा आकडा वजा करायचा.

डिसेंबरात दिसत होते पाच. खरे होते पंचावन्न. झकास.

मेमध्ये दिसत होते पस्तीस. खरे पंचवीस.

आज दिसत होते ब्याऐंशी.

उणे बावीस.

तिने दोनदा वजाबाकी केली. लहान मुलाची वजाबाकी, तरी दोनदा केली. काटा मधोमध येत नव्हता. मधोमध येऊन, ओलांडून, वर डाव्या खांद्याकडे चढत होता. आणि वजन उतरल्यावर काटा जायला हवा होता त्याच्या बरोबर उलट्या दिशेला. म्हणजे भात सोडल्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. दुसरंच काहीतरी त्याला ओढत होतं, आणि सहा महिने पेटी त्याला 'उत्तम!' म्हणत होती.

"काकू, एकदा माझ्यासाठी बांधा. हिरवा पायाला."

"मी नाही."

"मग मी बांधते. पाप मला लागू दे."

काकूंनी तोंड फिरवलं, पण पाय पुढे केला. दोन मिनिटं गेली. काटा थरथरला आणि उणे चोवीसवर थांबला. लगेच पेटी बोलली: 'बांधणी चुकली आहे. कृपया नेहमीप्रमाणे बांधा.'

नऊ महिने चुकीचं बघून तिला चूकच ओळखीची झाली होती.

"बघ," काकू म्हणाल्या, "तिलाबी हिरवं पायात आवडलं नाही."

मुजावर सिस्टर अर्ध्या तासात स्कूटरवर आल्या. स्वतःची पेटी घेऊन आल्या, कारण ती काकूंना ओळखत नव्हती, तिच्याकडे कसली सवय नव्हती. त्यांनी आलेख काढला, पाटीवरचे डोंगर-दऱ्या बोटाने मोठे करून पाहिले आणि पट्टे सोडता सोडता, अगदी 'चहात साखर किती' असं विचारावं तसं विचारलं, "काकू, डोळ्यापुढं अंधारी कधी येते?"

"कुठं काय."

"मी 'येते का' विचारलं नाही. कधी येते ते विचारलं."

काकू अबोलीकडे बघत राहिल्या. अबोली सतरंजीची दशी तोंडात घालून चोखत होती.

"तीनदा आली," काकू शेवटी म्हणाल्या. "एकदा मोरीत. एकदा देवापुढं."

"आणि तिसऱ्यांदा?" ऋजुताने विचारलं.

काकूंनी सुटलेला हिरवा पट्टा उचलून गुंडाळायला घेतला.

"काकू, तिसऱ्यांदा कुठे?"

"जिन्यात. गेल्या आठवड्यात. पण मी कठडा धरला हां! पोरीला धक्कासुद्धा लागू दिला नाही. खाली बसले, चार श्वास घेतले, उठले."

ऋजुताने अबोलीला उचलून छातीशी धरलं, इतकं घट्ट की पोरगी कुरकुरली. तिच्या तोंडून जे निघालं ते तिला अडवता आलं नाही. "सांगितलं का नाही? तुम्ही माझी मुलगी घेऊन जिना चढत होता! सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर नेली असतीस वर."

"नेलीच असती!"

"मग? तेच तर."

मुजावर सिस्टरांनी वर न बघता हातातल्या पाटीवर काकूंचं नाव उघडलं. "सोबती म्हणून तुम्हीच आहात ना, ताई? इथं 'बांधणी स्वतः पाहिली' असं दर महिन्याला आहे. नऊदा."

त्या बाईने ते टोचून म्हटलं नव्हतं. फॉर्म भरायचा होता, म्हणून वाचलं होतं. ऋजुताने मात्र मनात मोजलं. अबोलीचा आकडा रोज चारदा. त्याच पाटीवर, दोन बोटं खाली, काकूंचा. आणि काकू स्वतः, जिना उतरून सोळा पायऱ्यांवर.

"तुम्ही तीनदा लपवलंत, काकू," ती म्हणाली. "मी नऊदा. चला, गाडी काढते."

कराडच्या दवाखान्यात डॉक्टर थोरातांनी कागदावर एक झाड काढलं, उलटं, मुळं वर आणि फांद्या खाली. हृदयात वीज खाली पोचवणाऱ्या तीन फांद्या असतात, त्यांनी सांगितलं. एक उजवीकडे, दोन डावीकडे. डावीकडची पुढची फांदी हळूहळू बुजत आली होती, म्हणून वीज वळसा घालून जात होती आणि काटा वर चढत होता. आता उजवी फांदीही कुरकुरायला लागली होती. उरलेल्या एका फांदीवर सगळा भार पडत होता. ती दमली, की ठोकाच पडत नसे, चार सेकंद, पाच सेकंद.

"तीच तुमची अंधारी," डॉक्टर म्हणाले. "अजून दोन-तीन महिने गेले असते तर पाचाचे पंधरा सेकंद झाले असते. मग कठडा धरायला हात उठत नाही, आजी."

"आणि पेटीने कधी सांगितलं असतं?" ऋजुताने विचारलं.

"नव्वदच्या पुढे गेल्यावर घंटा वाजली असती. पण काटा उजवीकडे गेला असं समजून तिने फुप्फुसं तपासायला सांगितली असती. आम्ही फुप्फुसं बघत बसलो असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडीच्या शिरेतून एक यंत्र हृदयात सोडलं. चिंचोक्याएवढं. ठोका चुकला की ते आपला ठोका देतं. काकू तिसऱ्या दिवशी घरी आल्या आणि जिन्याखाली उभ्या राहून सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चिंचोका घातलाय म्हणे आत. आता झाड यायचं राहिलंय."

पुढचे तीन आठवडे अबोली कारखान्याच्या पाळणाघरात गेली. पाळणाघर चांगलं होतं. सारंगला ते कायमचंच बरं वाटत होतं.

"ऋजू, मला काकूंवर राग नाही. पण त्यांनी लपवलं. उद्या पुन्हा लपवतील."

"मीही लपवलंच की."

"तू लपवलं नाहीस. तू बघितलं नाहीस."

"त्यात काय मोठा फरक आहे?" ऋजुता म्हणाली. सारंग पाण्याचा तांब्या भरायला उठला.

अबोलीची दुपटी, वाटी-चमचा, खुळखुळा, सगळं धुऊन-पुसून एका पिशवीत भरून काकूंनी ऋजुताच्या दाराशी आणून ठेवलं होतं. न मागता. ती पिशवी बघून ऋजुताला जेवण गेलं नाही. तिने दोन दिवस विचार केला. भीती गेली नव्हती. भीती जाणारच नव्हती, ती तिच्या अंगातच होती, नाकाच्या शेंड्यासारखी. पण भीतीने पोरीला जवळ धरता येतं तसं माणसालाही धरता येतं, हे तिला दवाखान्याच्या बाकावर बसून कळलं होतं.

चौथ्या सोमवारी सकाळी ती अबोलीला आणि त्या पिशवीला घेऊन खाली गेली.

"तीन अटी," ती दारातूनच म्हणाली. "पोरगी घेऊन जिना चढायचा नाही. अंधारी आली, साधी जांभई जास्त आली, तरी मला फोन. आणि रोज सकाळी मी आठला खाली येणार. पट्टे माझ्यासमोर बांधायचे."

"रोज? चहा कोण करणार?"

"तुम्ही."

"मग ठीक आहे," म्हणत काकूंनी हात पसरले. अबोलीने आईकडे मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ऋजुताला ते टोचलं, नेहमीइतकंच, आणि तिला बरं वाटलं.

त्या सकाळी चहा पिताना काकू मधेच थांबल्या. बशी खाली ठेवली.

"ऋजा, एक सांगू? ओरडशील."

"काय झालं? अंधारी?"

"अंधारी न्हाई गं. जानेवारीत, तू बाळंतपणात होतीस तेव्हा, देशमुखांकडं हळदीकुंकू होतं. मला बांगड्या भरायला बोलावलं होतं. तिथं बायकांचं या पेटीवरनं चाललं होतं. हिरवं पायात कसं घालायचं, म्हणून सगळ्यांनाच खटकत होतं. मी कासारीण. मनगटात काय बांधायचं ते मला विचारणार, का सरकारला? मग मी दाखवलं."

"किती जणींना?"

"अकरा."

ऋजुता ओरडली नाही. तिने फोन उचलला. मुजावर सिस्टरांनी आधी केंद्रातून सगळ्यांना संदेश पाठवायला लावला: 'बांधणी रंगांनुसार तपासा.' संध्याकाळपर्यंत सगळ्यांची उत्तरं आली. सगळ्यांची 'हो'. मग सिस्टर आणि ऋजुता दोघी स्कूटरवर बसून घरोघरी गेल्या. काकूंना एकेक नाव आठवत गेलं, पत्ता सापडत गेला. दहा जणी भेटल्या. सात जणींच्या हाताला हिरवा पट्टा होता. सहा जणींचा काटा साठातून वजा केल्यावरही ठीक होता. सातव्या गोडसेआजी सध्या तपासण्यांसाठी कराडला आहेत. हसतखेळत आहेत, आणि सुनेला सांगतायत की कासारणीने माझा जीव वाचवला. यात सुनेला काही कळलेलं नाही.

अकरावी सापडली नाही. ती त्या वसाहतीतली नव्हती. कोणाबरोबर तरी पाहुणी म्हणून आली होती. देशमुखांच्या घरी कोणाला तिचं नाव आठवेना. काकूंनाही तोंड आठवेना. कासार माणूस तोंड बघत नाही, हात बघतो. तो हात मात्र त्यांना पक्का आठवत होता.

संपूर्ण तालुक्याच्या फोनवर दर शुक्रवारी एक पत्रिका जाते. पाककृती, वाढदिवस, हरवलं-सापडलं. ऋजुताने त्यात द्यायला चार ओळी लिहायला घेतल्या. त्या वाढत गेल्या, तशाच तिने पाठवल्या.

"मी कोणाचं नाव सांगू शकत नाही, कारण आम्हाला ते माहीत नाही. जानेवारीत देशमुखांच्या हळदीकुंकवाला एक बाई आल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास. बांगडीचं माप सव्वादोन, हाड बारीक, हात थंड. उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या खाली, जुन्या भाजल्याचा डाग आहे, चिंचेच्या पानाएवढा. बांगडी चढवताना त्या डोळे मिटून घेतात आणि चढली की हसतात. त्यांना काट्याची पेटी बांधायला आमच्या काकूंनी शिकवलं आणि ते चुकीचं शिकवलं गेलं: हिरवा पट्टा डाव्या हाताला, पिवळा डाव्या पायाला. कदाचित त्यांचा काटा रोज 'उत्तम' दाखवत असेल. कदाचित तो खरोखरच उत्तम असेल. आम्हाला कळायला मार्ग नाही.

हा हात तुमच्या घरात असेल, शेजारी असेल, भिशीत किंवा भजनात तुमच्या बाजूला टाळ धरत असेल, तर कृपा करून फोन करून विचारू नका. त्या 'हो, बरोबर बांधते' असंच म्हणतील. उद्या सकाळी आठच्या सुमाराला त्यांच्याकडे जा. चहाला थांबा. त्या पेटी काढतील, तेव्हा त्यांच्या डाव्या पायाकडे बघा."